आमची वाटचाल : चपला घालताना कळलेलं मत

आम्ही मार्केट रिसर्च करतो, म्हणजे ग्राहकांना एकत्र बसवून बोलतं करायचं आणि त्यांचं मत कंपनीला, आमच्या क्लायंटला, कळवायचं. आमचं पहिलंच ग्रुप डिस्कशन कोल्हापुरात झालं. विषय कांदा-लसूण मसाला. आठ बायका, दीड तास, दोनदा चहा. आठही जणी म्हणाल्या, "मसाला छान आहे, रंग तर एकदम छान." क्लायंट खूश, आम्ही दोघी पार्टनर त्याहून खूश.

बैठक आटोपली. दाराशी चपला घालताना एक दुसरीला म्हणाली, "विकतचा कोण आणतंय गं? उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेला डबाभर पडलाय घरी."

हे रिपोर्टात घालायचं की नाही, यावरून रात्री आमचं जोरदार भांडण झालं. शेवटी घातलं. क्लायंट काही परत आला नाही.

रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं तेव्हा आमची चूक कळली. सगळ्यांत आधी बोलल्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका. पुढच्या पाच जणींचं उत्तर एकच, "बाई म्हणाल्या तसंच." बाईंसमोर "मला नाही आवडला" म्हणायची टाप कुणाची!

मग जुनं वाचन काढलं. 1941 साली न्यूयॉर्कमध्ये समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी आपले सहकारी रॉबर्ट मर्टन यांना रेडिओ श्रोत्यांवरचा एक प्रयोग बघायला नेलं होतं. श्रोत्यांच्या हाताशी दोन बटणं. आवडलं तर हिरवं, खटकलं तर लाल. कार्यक्रम संपल्यावर विचारायचं, अमुक ठिकाणी लाल का दाबलंत? मत आधी मुकाट्यानं नोंदलेलं, चर्चा नंतर. फोकस ग्रुपची, म्हणजे आमच्यासारख्या बैठकांची, सुरुवात इथली मानतात, आणि आम्ही नेमकं ते बटणच गाळलं होतं!

आमच्याकडे बटणं नाहीत, कोरी पोस्टकार्डं आहेत. चव घेतली की आधी पाचपैकी मार्क आणि एक ओळ लिहायची, मग तोंड उघडायचं. पहिल्याच खेपेला एक कार्ड आलं : "2. तिखट नाही, नुसता लाल."

बाकी डोकेदुखी नेहमीचीच. बैठकीला माणसं जमवणारा रिक्रूटर ओळखीतल्याच बायका भरतो. एक वहिनी महिन्यात दोनदा भेटल्या, एकदा चहा पिणाऱ्या म्हणून, एकदा न पिणाऱ्या म्हणून. आणि क्लायंटचं पालुपद, "म्हणजे किती टक्के?" अहो, आठ माणसांचे कसले टक्के? 'का' ते विचारा, 'किती'साठी सर्व्हे वेगळा करू.

आता बैठक संपली की चर्चा चालवणारी मॉडरेटर बायकांबरोबर दारापर्यंत जाते. तिथं काही निघालं तर विचारते, "हे लिहू का?"

"लिहा की. फक्त बाईंना सांगू नका."