पाऊस आला की पेटणारा दिवा

वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून घेतलेली ती इलेक्ट्रिक बस आमच्या वर्कशॉपमध्ये आली तेव्हा पुरती बदनाम झाली होती. कोरड्या दिवशी बिनतक्रार चालायची. पावसाळी सकाळी मात्र इन्सुलेशनचा, म्हणजे वीज झिरपत असल्याचा इशारा देणारा लाल दिवा पेटायचा आणि बस जागची हलायची नाही. दुपारपर्यंत दिवा आपोआप विझायचा, पण तोवर मुलांची शाळा बुडालेली असायची. ‘पुन्हा डिझेलचीच गाडी लावू’ असा सूर बैठकीत वाढत चालला होता.

या बसमध्ये 540 व्होल्टची बॅटरी आहे. तिचं धन टोक सांगाड्याला जोडलेलं नसतं आणि ऋण टोकही नसतं. त्यामुळे एका जागी वीज झिरपली तर लगेच धक्का बसत नाही. दुसऱ्या टोकाकडूनही झिरपली, तर मात्र धोका. म्हणून एक यंत्रणा बॅटरी आणि सांगाडा यांच्यातला रोध सतत मोजत असते. इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर100 नियमावलीनुसार, बॅटरीची डीसी आणि मोटरची एसी वीज एकाच जाळ्यात असेल तर साधारणपणे दर व्होल्टमागे किमान 500 ओहम रोध लागतो. म्हणजे इथे 2 लाख 70 हजार. आमच्या कोरड्या शेडमध्ये मेगर, म्हणजे हा रोध मोजायचा मीटर, त्याच्या कितीतरी पट आकडा दाखवत होता. लॅपटॉपवर एकच ओळ होती, इन्सुलेशन फॉल्ट. कुठे, ते तो सांगत नाही.

मी एअर कंडिशनर, हीटर, स्टिअरिंगचा पंप असं एकेक सुटं करून तपासत बसलो. पिवळ्या दोरीबाहेर आमचे वस्ताद उभे होते. हयात डिझेल बसखाली गेलेली. हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण झालेलं नसल्यामुळे नारिंगी केबलला हात लावायची त्यांना परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे.

“ड्रायव्हरला विचारलंस का रे,” ते म्हणाले, “दिवा लागायच्या आधी फुस्स होतं का?”

ड्रायव्हर म्हणाला, “होतं की! सकाळी हवा भरली की फुस्स, आणि लगेच दिवा.”

इंजिन गेलं तरी या बसचे ब्रेक हवेवरचेच आहेत, फक्त कॉम्प्रेसर आता विजेवर चालतो. हवा दाबली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. एअर ड्रायर ते धरून ठेवतो आणि टाकी भरली की फुस्सकन बाहेर फेकतो. हवा दमट असली की पाणी जास्त.

बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे होऊ दिले, मीटरवर शून्य बघितलं आणि मी खाली शिरलो. ड्रायरची नळी क्लिपमधून निसटून वळली होती, तिचं तोंड थेट कॉम्प्रेसरच्या कनेक्टरकडे. कनेक्टरचं रबरी सील चिरलेलं, आत तेलकट राप. खात्रीसाठी मेगर लावून त्यावर पाणी फवारलं. आकडा धाडकन खाली आला.

कनेक्टर आणि सील बदललं, नळी पुन्हा क्लिपमध्ये बसवली. शोधण्याच्या मानाने दुरुस्ती काहीच नव्हती.

हरित रोजगाराच्या जाहिरातींत नेहमी लॅपटॉप घेतलेली तरणी पोरं दिसतात. असू देत, मीही त्यांच्यातलाच. पण ब्रेक, सस्पेन्शन, दारं, हवेच्या नळ्या, एवढी बस अजून जुनीच आहे, आणि ती ओळखणारी माणसं शेडच्या दुसऱ्या टोकाला काम कमी होत जाताना बघत बसली आहेत.

बस परत द्यायला गेलो तेव्हा वस्तादांनाही बैठकीला नेलं. नळीची गोष्ट त्यांनीच सांगितली. डिझेलचा विषय मग कुणी काढला नाही. एका बाईंनी मात्र विचारलं, “मग हे इलेक्ट्रिकच्या कामावर का नाहीत?”

“शिकायला माझी ना नाही,” वस्ताद म्हणाले. “पण शिकतो तेवढे दिवस पगार कोण देणार?”

दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न लेखी स्वरूपात मालकांपुढे ठेवला. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.