कडेची काळी पट्टी

लग्नपत्रिकेवरचा गणपती जाड छापला गेला तर कुणी भांडायला येत नाही. बारीक झाला की येतात.

2002 च्या सुमारास मी एका डीटीपी सेंटरमध्ये पत्रिका जुळवायचो. अण्णांनी, म्हणजे मालकांनी, हौसेने सतरा इंची मॉनिटर आणला, तेव्हाचा, पिक्चर ट्यूबचा. सतरा इंच नुसते सांगायला. दिसायचे सोळाच, तेही तिरके मोजून. मी त्यावर थाटात 1280 बाय 1024 ठिपक्यांचं रिझोल्यूशन लावलं. गणपती जरा रुंद वाटला म्हणून माऊसने किंचित दाबला आणि बटर पेपरवर प्रिंट काढून पत्रिका छापायला पाठवली. मुलीचे वडील गठ्ठा घेऊन परत आले. "देवाला उपास घडवलात का हो?"

चूक गणपतीची नव्हती. 1280 बाय 1024 म्हणजे रुंदीस उंची पाचास चार आणि काच चारास तीन. चित्र काचभर पसरलं की प्रत्येक वर्तुळ आडवं सुजणार, शेकडा सातेक. मग मी रीतसर कामाला लागलो. पडद्यावर एक चौकोन काढला आणि शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी काचेला लावली. काच फुगीर, त्यामुळे पट्टी डुगडुगायची आणि हातावरची लव ताठ उभी राहायची. खालचं मेनूचं बटण दाबून एच-साइझ, म्हणजे चित्राची रुंदी, गाठायची आणि उणे, उणे, उणे. आत पिक्चर ट्यूबच्या मानेवरचं कॉइल इलेक्ट्रॉनच्या झोताला सेकंदाला जवळजवळ 64,000 वेळा डावीकडून उजवीकडे पळवत असतं. आपण बटण दाबतो तेव्हा त्याची ती धाव फक्त थोडी आखूड होते. चौकोन दोन्हीकडून सारखा भरला तेव्हा दोन्ही कडांना सेंटिमीटरभर काळी पट्टी उरली होती.

अण्णांनी ती पाहिली मात्र. "सतराचे पैसे मोजलेत मी. कडेला काळं कशाला?" मी जेवायला गेलो की ते चित्र ओढून काचभर करायचे, मी आलो की पुन्हा प्लॅस्टिकची पट्टी शोधायचो. पडद्यातलं साठलेलं चुंबकत्व घालवणारं डिगॉसचं बटण मात्र दोघांचं लाडकं. ठण्ण आवाज व्हायचा, चित्र शहारायचं. गरज नसतानाही दाबायचो.

परवा घरी लग्नाची जुनी सीडी लावली. नव्या रुंद टीव्हीवर अख्खं वऱ्हाड गुबगुबीत! मावशी हिरमुसली, "तेव्हा मी अशी नव्हते रे." मी रिमोट घेऊन चारास तीन केलं. मावशी सडपातळ झाली, खुलली.

काका चष्मा वर करून म्हणाले, "एवढा मोठा टीव्ही घेतलास, आणि कडेला काळं कशाला?"