तुम्ही विचारलंत म्हणून: येशिवातला विद्यार्थी आणि लष्कर

ठाण्या-पनवेलच्या नातेवाइकांचा फोन आला, की ख्यालीखुशाली झाल्यावर हा प्रश्न ठरलेला: "मामा, तिकडे इस्राएलमध्ये सगळ्यांना लष्करात जावं लागतं म्हणता, मग ते काळ्या कोटवाले कसे सुटतात? आपल्या धर्मातच तसं लिहिलंय का?" फोनवर या विषयाला हात घातला की तास जातो आणि भांडण होतं ते वेगळंच. म्हणून इथे सविस्तर लिहितो. काळ्या कोटवाले म्हणजे हरेदी, कट्टर धार्मिक ज्यू; त्यांची मुलं येशिवात, म्हणजे धर्मशास्त्राच्या पाठशाळेत, शिकतात.

तोरात, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, सूट आहे, पण ती विद्यार्थ्याला नाही. त्यातल्या 'अनुवाद' या पाचव्या ग्रंथाचा 20वा अध्याय काढा. लढाईआधी याजक सैन्यासमोर उभा राहून धीर देतो. मग अंमलदार पुकारा करतात: नवं घर बांधलं आणि अजून त्यात राहायला गेला नाही असा कोणी आहे? द्राक्षमळा लावला आणि फळ चाखलं नाही असा? सोयरीक झाली आणि लग्न राहिलं असा? त्यांनी घरी जावं. शेवटी भित्र्यालाही परत पाठवतात, त्याच्या पायी बाजूच्याचंही अवसान गळू नये म्हणून. 24व्या अध्यायात नव्या नवऱ्याला वर्षभर मोकळीक दिली आहे. पोथी घेऊन बसलेला माणूस या यादीत कुठेही नाही.

पुढे मिश्नेतल्या, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) जुन्या नियमसंग्रहातल्या, सोटा या भागात या सुटीवर बारीक चर्चा आहे. परत पाठवलेल्यांनी घरी जाऊन पाय पसरायचे नाहीत, सैन्याला अन्नपाणी पुरवायचं आणि रस्ते दुरुस्त करायचे. आणि एवढीही सवलत फक्त राजाने आपल्या मर्जीने काढलेल्या लढाईपुरती. मित्स्वाचं युद्ध असेल, म्हणजे लढणं हीच देवाची आज्ञा असेल, तर सगळ्यांनी निघायचं: "नवरदेवाने आपल्या खोलीतून आणि नवरीने आपल्या मांडवातून." 12व्या शतकात रामबामने, म्हणजे मैमोनिदीस या मोठ्या शास्त्रकाराने, स्पष्ट लिहून ठेवलं की चालून आलेल्या शत्रूपासून इस्राएलला सोडवणं हे मित्स्वाच्या युद्धात मोडतं.

त्या भित्र्याबद्दलही एक गंमत आहे. रब्बी योसे हगलिली म्हणतात, इथे भित्रा म्हणजे आपल्या पापांना भिणारा. तल्मूद, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चेचा ग्रंथ, उदाहरण देतं: हातावरची तफिलीन (प्रार्थनेच्या वेळी बांधायची शास्त्रवचनांची डबी) बांधून झाली आणि डोक्यावरची बांधायच्या आत जो मध्येच बोलला, त्यानेही परत जावं. मग रणांगणावर उरणार कोण? सगळे सोवळ्यातले! ज्यांना आज सूट हवी आहे, नेमके तेच.

मग सूट आली कुठून? दुसऱ्या पानांवरून. तल्मूदच्या बावा बात्रा या भागात म्हटलंय, की गावाच्या तटबंदीसाठी पंडितांकडून वर्गणी घेऊ नये, त्यांची राखण त्यांचं शिक्षणच करतं. नेदारिम या भागात एक मत असं आहे, की अब्राहामाने विद्वानांना वेठीला धरून लढाईवर नेलं, म्हणून त्याच्या वंशजांना मिसरात गुलामी भोगावी लागली. आणि खुद्द रामबाम, शमिताचे (दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याचे) नियम संपवताना, लिहितो की देवळाची सेवा करणारा लेवीचा वंश इतरांसारखा लढाईला जात नाही, आणि जो कोणी मनापासून देवाच्या सेवेला वाहून घेईल तोही लेवीसारखाच पवित्र. हरेदींचा सगळा भार या ओळींवर आहे. माझं म्हणणं एवढंच, की हाच रामबाम युद्धाचे नियम लिहायला बसतो तेव्हा या वाहून घेतलेल्या माणसाचं नावही काढत नाही.

तरी त्यांचा युक्तिवाद पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. तल्मूदच्या सान्हेद्रिन या भागात रब्बी आब्बा बर काहाना यांचं एक वाक्य आहे: दावीद (राजा) नसता तर योआबाला (त्याच्या सेनापतीला) लढाई करता आली नसती, आणि योआब नसता तर दावीदाला तोरा शिकता आली नसती. दोन्ही बाजूंचे लोक हेच वाक्य सांगतात, फक्त अर्धं अर्धं.

आता कायद्याचं. 1948 मध्ये पंतप्रधान बेन-गुरिओनने सुमारे 400 विद्यार्थ्यांना सूट दिली. युरोपातल्या येशिवा नाझींनी बेचिराख केल्या होत्या, उरलेलं जपायला हवं होतं, आणि तेव्हा ते मलाही पटलं असतं. पण त्याच वर्षी रब्बी श्लोमो योसेफ झेविन यांनी शास्त्राधारेच विद्यार्थ्यांनी लढायला हवं असं मांडलं होतं, हे कोणी सांगत नाही. 1977 मध्ये पंतप्रधान बेगिनच्या सरकारने संख्येची मर्यादा काढली. 25 जून 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की या सुटीला आता कायद्याचा आधारच नाही. तोवर अशा विद्यार्थ्यांचा आकडा 63,000च्या आसपास गेला होता. दरम्यान हेस्देर येशिवातली मुलं शिकतातही आणि गणवेशही घालतात, म्हणजे हे जमत नाही असं नाही.

आपल्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, माणसाला हा वाद विचित्र वाटतो, त्याचं कारण साधं आहे. कोकणात आपल्याकडे येशिवा नव्हती, पलटण होती. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी, कंपनीच्या फौजेतल्या माणसाने. आमच्या आजोबांच्या पिढीला शाबाथ (शनिवारचा विसावा) पाळणारा सुभेदार ठाऊक होता. शाबाथ पाळतो म्हणून सुभेदार व्हायचं नाही, असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

राहता राहिली ती मांडवातली नवरी. सूट नको म्हणणारे आमचे धार्मिक मित्र नवरदेवापर्यंत मिश्ना मोठ्याने वाचतात आणि तिथेच थांबतात. कारण मुलींच्या भरतीला 1950च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बीमंडळाने स्वतःच विरोध केला होता. रदबाझ हे रामबामचे जुने भाष्यकार यावर तोड काढतात, की नवरीने अन्नपाणी पुरवावं. माझी भाची यावर म्हणते, "ते तर घरीही करतेच की!"