हीटर जप्त केला आणि केबिन तापली

कार्यालयाची इमारत तशी नवी होती, पण वीजबिल डिझाइनच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त येत होतं. मला ऊर्जा ऑडिटला बोलावलं तेव्हा कारण आधीच ठरलेलं होतं. फॅसिलिटी मॅनेजरांनी पहिल्याच बैठकीत मोबाइलवर फोटो दाखवले: टेबलाखालचा दीड हजार वॅटचा हीटर, डिफ्यूझरला, म्हणजे वरून हवा सोडणाऱ्या जाळीला, पॅकिंग टेपने चिकटवलेला पुठ्ठा, बीएमएसच्या, म्हणजे इमारतीची यंत्रणा चालवणाऱ्या संगणकाच्या, पडद्यावर हॉलचा 18 अंशांचा सेटपॉइंट, म्हणजे मागितलेलं तापमान. "सिस्टिम उत्तम आहे हो, माणसं नीट वापरत नाहीत," ते म्हणाले. हीटर त्यांनी जप्तही केला होता.

आमच्या अहवालाच्या नमुन्यात 'वापरकर्त्यांचं वर्तन' असा रकाना असतो. असले फोटो त्यात भरले की काम लवकर आटोपतं, आणि बहुतेक ऑडिट असंच आटोपतं, हे मला फार खटकतं.

मी आधी बीएमएसमधल्या तापमानाच्या जुन्या नोंदी उतरवून घेतल्या. त्या मजल्यावर एक मोठा हॉल आणि त्यातूनच पार्टिशन टाकून काढलेली मीटिंग केबिन. दोघांना एकाच एएचयूची, म्हणजे हवा गार करून ढकलणाऱ्या यंत्राची हवा, पण व्हीएव्ही बॉक्स, म्हणजे सेन्सरच्या तापमानाप्रमाणे हवा कमी-जास्त सोडणारे डबे, वेगळे. हीटर ज्या दिवशी उचलला त्या दिवसापासून हॉलचं तापमान 25 वरून 27 वर चढलेलं दिसत होतं आणि केबिनचं 24 वरून 20 वर उतरलेलं. हॉलमधला हीटर काढल्यावर हॉल तापतो कसा?

मग हॉलमध्ये गेलो. खांबाला लागून एक बाई बसत होत्या, स्वेटर चढवून. त्यांच्या टेबलावर तापमान नोंदणारा लॉगर ठेवला तर साडेएकोणीस. वरच्या डिफ्यूझरची हवा थेट मानेवर येत होती. मी म्हटलं, "मॅडम, इथला सेटपॉइंट 18 वर कुणी आणला?" त्या चिडल्याच. "मी कशाला आणीन? गारठून बसलेय मी इथे. तक्रार केली की सांगतात, सिस्टिममध्ये 27 दिसतंय, तुमच्याकडे गारवा असूच शकत नाही."

केबिनमध्ये मात्र घामाघूम. बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता सोडतो. दहा माणसं आणि त्यांचे लॅपटॉप अशा बंद खोलीत बसले की ती चढत जाणारच. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचं खालच्या दिशेचं बटण दाबून दाबून गुळगुळीत झालं होतं. त्यांच्याही तक्रारी बंद केलेल्या होत्या, कारण सिस्टिममध्ये केबिन 20 वर होती.

शंका आली तरी ती तपासल्याशिवाय मी बोलत नाही. संध्याकाळी मजला रिकामा झाल्यावर तंत्रज्ञाला सांगितलं, 'हॉल' नावाचा बॉक्स पूर्ण बंद कर, 'केबिन' पूर्ण उघड. कागदाची पट्टी धरून डिफ्यूझरखाली उभा राहिलो. हवा नावाप्रमाणेच आली, हॉलची थांबली, केबिनची सुटली. पण पडद्यावर 'हॉल'चं तापमान घसरायला लागलं आणि 'केबिन'चं चढायला लागलं. दोन्ही सेन्सरांची अदलाबदल झाली होती. मूळ जोडणीतच झाली असणार; पार्टिशन नव्हतं तोवर सगळी हवा एकत्र मिसळत होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणजे केबिनमधली माणसं बटण दाबत ते हॉलच्या बॉक्सचं. हॉल आणखी गार पडे. हॉलमधल्या खांबावरचा सेन्सर केबिनच्या बॉक्सला कळवे की गार झालंय, आवर. केबिनची हवा तुटे, उकाडा वाढे, पुन्हा कुणीतरी बटण दाबे. या चक्राला लगाम होता तो फक्त त्या बाईंच्या हीटरचा. तो खांबावरचा सेन्सर तापवी, म्हणून केबिनला थोडीफार हवा मिळे. हीटर जप्त केला आणि तोही गेला.

वीज कुठे जात होती तेही यातच आहे. एखादा बॉक्स पूर्ण उघडून हवा मागत राहिला की कंट्रोलर डक्टमधला दाब वाढवत नेतो. 18 अंश कधीच न गाठणाऱ्या त्या एका बॉक्सपायी अख्ख्या मजल्याचा पंखा पूर्ण वेगाने धावत होता. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या हिशेबाने चढते-उतरते; वेग 80 टक्क्यांवर आला तरी ती जवळपास निम्म्यावर येते. हीटरचे दीड हजार वॅट मी माफ करत नाही, पण तो उपद्रव म्हणून आणलेला नव्हता.

मॅनेजरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फँगर या डॅनिश संशोधकाचं नाव काढलं. 1970 सालचं त्यांचं काम आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असतं: हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, कपडे, शरीराची हालचाल, सगळं जुळवलं तरी 5 टक्के माणसं नाराजच राहतात. पण हा आकडा तक्रार फेटाळायला वापरलेला पाहिला की मला राग येतो. शंभरातले विखुरलेले पाच जण वेगळे, आणि एका खांबाभोवतीची सगळी रांग स्वेटरमध्ये बसणं वेगळं.

दुरुस्ती बीएमएसमध्ये दोन सेन्सरांच्या जोडण्या आपसांत बदलून झाली, भिंत फोडावी लागली नाही. थर्मोस्टॅटला कुलूप लावायचा आग्रह होता, तो मी मानला नाही. 24 च्या खाली-वर दीड अंशाची मुभा ठेवली. हातात थोडं काही असलं की माणसं बरंच चालवून घेतात, हे मी अनेक मजल्यांवर पाहिलंय. पंख्याचा वेग उतरला, हॉल 24 च्या आसपास टिकला. पुठ्ठा अजून तिथेच आहे. बाई म्हणाल्या, "आधी काही दिवस बघते."

त्यांनी विचारलेलं मात्र डोक्यातून जात नाही: "इतक्या वेळा लिहून दिलं, एकदाही कुणी येऊन हात लावून बघितलं नाही?" तक्रारींची यादी मी वाचली. हॉलची 'गार' आणि केबिनची 'गरम' एकाखाली एक, कित्येकदा एकाच तासाला आलेली. दोन्ही ओळी एकत्र वाचणारा माणूसच नव्हता.

वरच्या मजल्यांची जोडणी त्याच कंत्राटदाराची आहे. तिथले हॉल अजून एकसंध आहेत, आणि एका मजल्यावर पार्टिशनचं काम सुरू व्हायचंय. त्याआधी प्रत्येक बॉक्सची अशीच उघडझाप चाचणी घ्या, असं मी अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलंय. ते ऑडिटच्या कक्षेबाहेर आहे, असं उत्तर आलं. मी परत पत्र पाठवलंय, या वेळी तक्रारींची यादी जोडून.