रोजचे चार-पाच मेल

जीमेलमध्ये बँकेच्या मेलसमोर आद्याक्षराच्या गोलाऐवजी बँकेचे चिन्ह दिसावे, एवढीच संचालक मंडळाची इच्छा होती. डिझायनरने फाइल दिली की आठवड्याभरात काम होईल, अशी समजूत होती. मी ज्या नागरी सहकारी बँकेचा मेल सांभाळतो, तिथे हे काम नोव्हेंबर २०२४ पासून एप्रिलपर्यंत चालले.

डिझायनरची एसव्हीजी, म्हणजे रेषांनी बनलेल्या चित्राची, फाइल उघडली, तर तिच्या पोटात चक्क जेपीजी चिकटवलेले होते. मेलसमोर चिन्ह दाखवण्याच्या या सोयीला, म्हणजे बिमीला, एसव्हीजीचा ‘टायनी पीएस’ हा काटेकोर प्रकार लागतो: आत छायाचित्र नको, स्क्रिप्ट नको, बाहेरचा दुवा नको, शीर्षकाचा टॅग मात्र हवाच. मी चिन्ह पुन्हा रेषांत उतरवले, मजकूर नोटपॅडमध्ये हाताने साफ केला आणि २१२ केबीची फाइल ९ केबीवर आणली; डिझायनर म्हणवणाऱ्याने हे करून द्यायला हवे होते. पुढे चिन्ह बँकेचेच असल्याचे प्रमाणपत्र अडले, कारण ट्रेडमार्क म्हणून नोंदले गेले होते ते जुने चिन्ह, आणि व्हीएमसी या प्रमाणपत्रासाठी नोंदणीकृत चिन्हच लागते. म्हणून सीएमसी हे दुसरे प्रमाणपत्र घेतले. त्यासाठी चिन्ह वर्षभर सार्वजनिक वापरात असल्याचा पुरावा पुरतो, मात्र पाठवणारा पडताळलेला असल्याची जीमेलची निळी खूण मिळत नाही. अध्यक्षांना हवी होती ती नेमकी निळी खूण.

या सगळ्याच्या आधीची अट डीमार्कची. आपल्या डोमेनच्या नावाने आलेला, पण पडताळणीत न बसणारा मेल स्पॅममध्ये टाका किंवा नाकारा, असे डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदींत, जाहीर केल्याशिवाय चिन्ह दिसत नाही. त्यापूर्वी मी तीन महिने मेल स्वीकारणाऱ्या कंपन्यांकडून येणारे डीमार्कचे अहवाल नुसते वाचले. त्यांत पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, म्हणजे आयपी, मेलची संख्या आणि पडताळणीचा निकाल असतो. मेलचा विषय नसतो. एका अनोळखी होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवरून रोज चार-पाच मेल निघत होते. त्यांचे एसपीएफ (हा सर्व्हर त्या डोमेनचा मेल पाठवू शकतो का, ही तपासणी) उत्तीर्ण होते, पण त्या कंपनीच्याच डोमेनसाठी, आणि डीकेआयएम, म्हणजे डोमेनची डिजिटल सही, नव्हती. कोणी तरी आपले नाव वापरते आहे, असे समजून मी ती ओळ ‘बनावट’ या रकान्यात टाकली आणि फेब्रुवारीत ‘क्वारंटाइन’, म्हणजे असा मेल स्पॅममध्ये टाका हा आदेश, लागू केला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुख्य शाखेतून फोन आला. “साहेब, व्याजाचा दाखला आला नाही म्हणून सकाळपासून अकरा आजी-आजोबा येऊन गेले.” ठेव विभागातील काका निवृत्तीला आले आहेत, जुन्या विक्रेत्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधून ते हे दाखले गेली नऊ वर्षे पाठवत होते. वर्षभर रोज चार-पाच, एप्रिलमध्ये शेकडो. ते सगळे स्पॅममध्ये पडले होते, आणि स्पॅम उघडून पाहा असे पंचाहत्तरीच्या ठेवीदाराला कोणी सांगितले नव्हते.

मी त्यांच्या टेबलापाशी गेलो, तेव्हा काका एकेक दाखला छापून शिक्का मारत होते. “मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की,” एवढेच ते म्हणाले. त्यांचे टेबल माझ्यापासून दोन मजले खाली आहे, आणि तीन महिन्यांत मी त्या आयपीचा मालक इंटरनेटवर शोधला, इमारतीत नाही.

दोन दिवसांत तो प्रोग्रॅम आमच्या सर्व्हरवरून, डीकेआयएम सहीसह पाठवू लागला. आता काकांच्या दाखल्यांसमोरही चिन्ह दिसते. काका स्वतः आउटलुक वापरतात. तिथे बिमी चालत नाही, त्यामुळे त्यांना अजून आद्याक्षरच दिसते.