आधी कारागीर, मग घड्याळ

दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून उभं राहिलं की मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. स्मार्टवॉचही चालत नाही. आमच्या हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ चार वाजून वीस मिनिटांवर कधीचं थांबलेलं. पोरं दर दहा मिनिटांनी विचारणार, "मॅडम, किती वाजले?" आणि मी दाराशी जाऊन मान लांब करून व्हरांड्यातल्या घड्याळात डोकावणार. तिसऱ्या पेपरला माझीच मला लाज वाटली. घरी ड्रॉवरमध्ये बॅटरीवालं जुनं घड्याळ होतं ते काढलं, तर आत सेल पाझरून पांढरी पूड झालेली.

मी मालवणात विज्ञान शिकवते. सेल बदलून, नाहीतर दुसरं साधं बॅटरीवालं घड्याळ घेऊन काम भागलं असतं. अचूकपणाच पाहायचा तर तेच घ्यायला हवं होतं. ते महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकतं, यांत्रिक घड्याळ तेवढं एका दिवसात चुकू शकतं. पण हौस होती. आंदोलन शिकवताना दोऱ्याला लोंबणारा दगड दाखवून मी कंटाळले होते. त्याच तत्त्वावर, पण लोलकाऐवजी केसासारख्या स्प्रिंगवर डोलणारं चाक ख्रिश्चन हायगेन्सने १६७५ साली घड्याळात आणलं. ते चाक मनगटावर असावं आणि वर्गात मुलांना दाखवता यावं, एवढं साधं लोभाचं कारण.

अटी तीन. बारा हजारांच्या आत. चमकधमक नको. आणि माझ्या मनगटावर शोभेल एवढंच.

पहिली चूक लगेच केली. एचएमटी म्हटलं की आमच्या पिढीचा जीव अडकतोच. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरात सुरू झालेला सरकारी कारखाना, चावी द्यायची, सतरा ज्वेलची (आतली झीज कमी करणारे बारीक खडे) 'जनता', काहींच्या डायलवर देवनागरीत नाव. घड्याळांचा तो धंदा बंद पडून वर्षं झाली, तरी जुना माल फिरतो. मी ऑनलाइन एक 'जनता' मागवली. हिरवीगार डायल, अगदी कोवळ्या पानासारखी. अठराशे रुपये. पार्सल उघडलं तेव्हा मी खूश. सासरे झोपाळ्यावर बसून बघत होते. त्यांनी आयुष्यात घड्याळ बांधलं नाही; तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, एवढ्यावर त्यांचं सगळं चालतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ते एवढंच म्हणाले, "रंग जरा जास्तच ताजो दिसता."

महिन्याभरात पट्टा जिथे अडकतो तिथे केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला, हिरवट बुरा धरला आणि घड्याळ दिवसाला सहा मिनिटं मागे पडू लागलं. मालवणात विचारलं तर सगळे सेल बदलणारे. कोणीतरी कुडाळचं नाव सांगितलं. एका शनिवारी धामापूरमार्गे एसटीने गेले. बाजारात एका जिन्याखाली टपरीवजा दुकान, काचेच्या पेटीमागे सत्तरीतले काका, डोळ्याला भिंग. शेजारच्या टेबलावर त्यांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करत बसलेला.

काकांनी मागचं झाकण उघडलं, चिमट्याने दोन ठिकाणी टोचून पाहिलं आणि भिंग कपाळावर सरकवलं.

"बाय, मशीन बरां आसा. भायरचा सगळा नाटक."

मग त्यांनी एकेक दाखवलं. डायल नव्याने रंगवलेली. अक्षरांच्या कडा भिंगाखाली पसरट, शाई वाहिल्यासारख्या. सेकंदकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतच नाही, म्हणजे दुसऱ्या घड्याळाचा. चावीचं मुंडकं तिसऱ्याचं. केस पितळेची, वर क्रोमचा मुलामा, आणि मुलामा सुटला की घाम थेट पितळेवर. अशा जुन्या डायली रंगवून, हाताशी येतील ते सुटे भाग जोडून घड्याळं विकण्याचा धंदा जोरात चालतो. फोटोत ताजी डायल आणि झिजलेली केस एकत्र दिसली की तिथेच थांबावं, एवढं मला आधी कळलं असतं तर अठराशे वाचले असते.

मी विचारलं, "काका, मग कुठलं घेऊ?"

त्यांनी कंपनीचं नाव सांगितलं नाही. खालचा ड्रॉवर ओढून समोर ठेवला. त्यात मेलेली घड्याळं. बारीक, महागडी, सोनेरी, सगळ्या जातीची. एकाचे आतले स्क्रू गंजून तपकिरी झालेले. एकाच्या काचेखाली बाष्पाचा डाग. एक परदेशातून कोणाच्या तरी नातेवाइकाने पाठवलेलं. त्याचा एक भाग मिळत नाही म्हणून दोन वर्षं तिथेच पडून. "हेंची किंमत इचारू नको," काका म्हणाले. "खारो वारो कोणाक सोडणा नाय. माका उघडूक येयत असा घे."

परतीच्या एसटीत मी ह्याच वाक्यावर विचार करत बसले. तोवर मी घड्याळ निवडत होते डायल बघून. खरं तर आमच्याकडे आधी बघायचं ते हे, की बिघडलं तर तीस किलोमीटरच्या आत ते कोण उघडेल, आणि त्याच्याकडे सुटे भाग असतील का. त्या दिवसापासून माझी निवड उलट्या दिशेने सुरू झाली. काका ठरलेले, आता त्यांना जमेल असं घड्याळ.

त्यांनी मशीनांची तीन नावं कागदावर लिहून दिली होती, सगळी जपानी. कारण सरळ: ही मशीनं ढिगाने बनली आहेत, त्यामुळे जुन्या घड्याळातून भाग काढून नव्यात बसतो, आणि अगदीच गेलं तर अख्खं मशीन बदलणं सर्व्हिसिंगपेक्षा स्वस्त पडतं. शहरातल्या हौशी लोकांना हे ऐकून वाईट वाटेल. मला हायसं वाटलं.

मापाचं त्रांगडं वेगळंच. बायकांसाठी म्हणून जी घड्याळं येतात ती एक तर नाण्याएवढी, खडे जडवलेली, आणि जवळजवळ सगळी बॅटरीची. पुरुषांची बेचाळीस-चव्वेचाळीस मिलिमीटरची, माझ्या पंधरा सेंटीमीटरच्या मनगटावर वाटी उपडी घातल्यासारखी. मी पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या: ३६, ३८, ४० आणि ४२. प्रत्येक चकती चिकटपट्टीने मनगटावर लावून एकेक दिवस घरात वावरले. चाळीसची पोळ्या लाटताना टोचली. अडतीसपर्यंत ठीक. ह्या चकत्यांनी अर्धी यादी कापली. ओरिएंटचं एक फुगीर काचेचं घड्याळ माझ्या फार मनात भरलं होतं, पण ते साडेचाळीस, शिवाय ती काच दाराच्या कडीला आपटणार हे नक्की. सिटिझनचं नीलमणी काचेचं एक पाहिलं. तेही चाळीस, आणि पैशांचाही मेळ बसेना.

नीलमणी काच सुटल्याची चुटपुट लागली होती. कारण आमच्याकडे वाळू. काठिण्याच्या मोह्‌स मापावर वाळूतलं क्वार्ट्झ सातवर येतं, साधी खनिज काच साधारण साडेपाच-सहावर. म्हणजे चिवल्याच्या किनाऱ्यावर बसून हात झटकला तरी काचेवर ओरखडा येऊ शकतो. आमच्याच जिल्ह्यात कासार्ड्याला सिलिका वाळूच्या खाणी आहेत, मुलांना हे उदाहरण मी नेहमी देते. नीलमणी काच नवावर. तिला वाळूचं काही वाटत नाही. जुन्या एचएमटीची प्लॅस्टिकची काच सगळ्यांत मऊ, पण टूथपेस्टने घासली की ओरखडे जातात. फोनवर काकांना विचारलं. ते म्हणाले, काच बदलायला दहा मिनिटं लागतात, त्याची चिंता सोड, रबर रिंगची कर.

रबर रिंग म्हणजे झाकण आणि चावीशी बसवलेली बारीक रिंग, जी पाणी अडवते. डायलवर किंवा झाकणावर '३० मीटर' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तीस मीटर खोल जाता येईल असा बिलकूल नाही. तो प्रयोगशाळेतला स्थिर पाण्याचा दाब, नव्या रिंगवर मोजलेला. हात धुताना उडालेलं पाणी, छत्रीतून आलेली झड, इतपत. पोहायचं असेल तर शंभराचं घ्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात हे कळलेलं बरं. आणि केस पितळेची नको, स्टेनलेस स्टीलची, तीही शक्यतो ३१६एल प्रकारची. तिच्यात मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडपुढे, म्हणजे घाम आणि खाऱ्या हवेपुढे टिकाव धरतं.

ह्या सगळ्या चाळणीतून जे उरलं ते सीको फाइव्ह. १९६३ पासून चालत आलेलं नाव, ऑटोमॅटिक, वार आणि तारीख एका खिडकीत, चावी चारच्या बाजूला. माझ्या मापाचं सदतीस मिलिमीटरचं होतं. आतलं मशीन काकांच्या कागदावर पहिलंच.

घेतलं दादरला. दीर तिथे राहतात, त्यांच्या मुलीच्या बारशाला गेलो होतो. भाऊजी म्हणाले, "वहिनी, ऑनलाइन दोन हजार कमी आहे." होतं खरं, पण त्याला इथली वॉरंटी नव्हती, आणि एकदा हात पोळलेला. दुकानातल्या मुलाने आधी पोकळ डायलचं, चाकं दिसणारं, सोनेरी कडेचं काढलं. मग म्हणाला, "सरांसाठी गिफ्ट का?" मी म्हटलं, "नाही, मला हवंय. ते पांढरं साधं दाखवा." त्याने पुन्हा एकदा भाऊजींकडे बघितलं. साडेअकरा हजार झाले. खिडकीत वार इंग्रजीत. एचएमटीच्या काही घड्याळांत हिंदीत 'सोम', 'मंगल' यायचं, त्याची आठवण झाली.

त्या मशीनचे दोन तोटे आधीच माहीत होते. चावी फिरवून स्प्रिंग गुंडाळता येत नाही. मनगट हललं तरच आतलं वजन फिरून स्प्रिंग गुंडाळली जाते. आणि चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. फळ्यावर दिवसभर लिहिणाऱ्या बाईला पहिल्याचं काही नाही, पण शनिवारी संध्याकाळी काढून ठेवलं की सोमवारी सकाळी ते झोपलेलं. दुसऱ्यावर उपाय म्हणजे चावी ओढून काटे अगदी हलक्या हाताने उलटे ढकलून धरायचे, सेकंदकाटा थबकतो.

स्वभावाने मी मोजणारी. दोन आठवडे रोज रात्री नऊला मोबाईलशी ताडून वहीत लिहिलं. रात्री डायल वर करून ठेवलं तर चौदा सेकंद पुढे. चावीची बाजू खाली करून उभं ठेवलं तर चारेक सेकंद मागे. चाकावर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम स्थितीप्रमाणे बदलतो, त्याचा हा हिशेब. आता आठवड्यातून पाच रात्री उभं ठेवते आणि पुढे गेलेलं बरंचसं परत घेते. ऐकणाऱ्याला वेडेपणा वाटेल. घरच्यांना तर वाटतोच.

गणपतीनंतर मात्र ते एकदम दिवसाला चार मिनिटं पुढे धावायला लागलं. काळजात धस्स झालं. पाणी शिरलं म्हणावं तर काच स्वच्छ. शाळेच्या प्रयोगशाळेत बसले असताना सहज चुंबकसूचीजवळ हात गेला आणि सुई वळली. मग उलगडलं. नवी पर्स घेतली होती, तिचं बटण चुंबकाचं, आणि पीटीच्या तासाला मी घड्याळ काढून त्याच कप्प्यात टाकत होते. स्प्रिंगचे वेटोळे चुंबकामुळे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते, चाक भरभर डोलतं. कुडाळला काकांनी चुंबकत्व काढणाऱ्या एका निळ्या डबीवर घड्याळ धरलं, बटण दाबलं, हळूहळू वर उचललं. झालं. पैसे घ्यायला तयार होईनात. मुलांना मात्र त्या आठवड्यात चुंबकत्वाचा धडा असा शिकवला की घंटा झालेली कोणाला कळली नाही. सगळी बाकावरून उठून मागच्या काचेतून ते डोलणारं चाक बघत होती. सेकंदाला सहा ठोके. एकाने कान लावून मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

कातडी पट्ट्याला जुलैत बुरशी आली, तो फेकला. आता अठरा मिलिमीटरचा नायलॉनचा पट्टा, साबणाने धुते.

काकांशी ठरलंय, दर मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी रिंग बघायची. यंदा गेले तेव्हा त्यांनी झाकण उघडलं, रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं, बंद केलं. वर शेजारून चहा मागवला. ती हिरवी 'जनता' मी मागेच त्यांच्याकडे भंगार म्हणून टाकून आले होते. चहावाल्या पोराने पेला पुढे केला तेव्हा त्याच्या मनगटावर मला तीच केस दिसली. हिरवी डायल गेलेली, तिच्या जागी कुठून तरी मिळालेली पिवळट पांढरी, काटे पुरेसे लांब, पितळेवर नखांचा पारदर्शक रंग चढवलेला.

"चलता मां?" मी विचारलं.

"चलता," तो म्हणाला. "दिसाक दोन मिन्टा फुडे जाता. पण शेठ रोज माझ्याआधी येता, त्याका कळणा नाय."