कर्णबधिर लेकीचं कॉलेज: कळवा ते तिरुवनंतपुरम

अकरावीची सहामाही जवळ आली होती आणि मी लेकीच्या वह्या चाळत होते. अक्षर मोत्यासारखं, समासात पेन्सिलीची चित्रं. इतिहासाच्या वहीत धड्याच्या मधोमध एक ओळ दिसली, "मला आज लवकर निघायचंय, तू थांब." मैत्रिणीने बाकावरच्या कुणाला तरी दाखवायला आपल्या वहीत लिहिलेली ती ओळ माझ्या मुलीने धड्यासकट जशीच्या तशी उतरवून घेतली होती. ती जन्मापासून कर्णबधिर आहे. वर्ग भरलेला, सर फळ्याकडे तोंड करून बोलणारे, ओठ दिसायचे नाहीत. ती दिवसभर शेजारणीची वही उतरवायची आणि आम्ही घरी म्हणायचो, किती अभ्यास करते पोर.

त्या रात्री ह्यांना म्हटलं, बारावी कशीही होऊ दे, पुढचं शिक्षण तिला समजेल अशा ठिकाणीच करायचं.

हे वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपला आहेत, मी कळव्यात डबे करते. लेक दहावीपर्यंत कर्णबधिरांच्या मराठी शाळेत होती. तिथे ओठवाचन आणि बोलणं यावरच भर. खुणा केल्या तर बाई हात धरायच्या, म्हणून मुली बाकाखाली खुणा करत. मीही घरी खुणा करू दिल्या नाहीत. बोलायचं विसरेल अशी भीती घातली होती मला. त्याचं आज वाईट वाटतं.

वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची. लहानपणी तिच्या कानाच्या तपासण्या तिथेच झाल्या होत्या. नव्या ऑडिओग्रामसाठी, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखासाठी, गेलो तेव्हा तिथल्या समुपदेशक ताईंना मी वहीची गोष्ट सांगितली. त्यांनी लेकीला विचारलं, तुला काय आवडतं? तिने पिशवीतून चित्रांची वही काढली. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा ती पास झालेली. मग त्या ताईंकडून पहिल्यांदा 'निश'चं नाव ऐकलं. तिरुवनंतपुरमला आक्कुळम भागात ही संस्था आहे, १९९७ साली सुरू झालेली. २००८ पासून तिथे खास कर्णबधिर मुलांसाठी पदवीचे वर्ग आहेत, कॉम्प्युटर सायन्सचे आणि फाइन आर्टचेही. पदवी केरळ विद्यापीठाची. शिकवणं भारतीय सांकेतिक भाषेत, लिहिणं-वाचणं इंग्रजीत.

इतक्या लांब? माझ्या पोटात गोळाच आला. जवळचा पर्यायही आम्ही पाहिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा आमच्या मुलांसाठी राखीव असतात. म्हणजे सीईटी देऊन मुंबईत फाइन आर्टला प्रयत्न करता आला असता. पण जागा मिळाली तरी वर्गात पुन्हा शेजारणीची वहीच. लेकीने पाटीवर लिहिलं, "मला खुणांचं कॉलेज." विषय संपला.

आता इंग्रजी. कायद्याने कर्णबधिर मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट मिळते. आम्ही शाळेत ती घेतली. तेव्हा ती गरजेची होती, नाहीतर दहावी अडली असती. पण सूट घेताना पुढे कुठे अडेल हे कुणी सांगत नाही. बारावीला इंग्रजी ठेवलं, कसंबसं जमलं. शेवटचं वर्षभर समोरच्या बिल्डिंगमधली एक कॉलेजची मुलगी रोज संध्याकाळी येऊन तिच्याकडून पाच-पाच वाक्यं लिहून घ्यायची. तुमचं मूल आठवी-नववीत असेल तर हे आत्ताच सुरू करा, एवढं मी हात जोडून सांगते.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त दिवस यूडीआयडीला, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राला गेले. तिचा लहानपणीचा हाताने लिहिलेला दाखला होता, तो आता कुठेच चालेना. ऑनलाइन अर्ज केला, तारीख मिळाली. रुग्णालयात कान-नाक-घशाच्या खोलीबाहेर सगळी कर्णबधिर मंडळी बसलेली आणि शिपाई दारातून नावं पुकारत होता. एक आजोबा सकाळपासून बसून होते. त्यांचं नाव दोनदा पुकारून झालं होतं, त्यांना पत्ताच नाही. मी आत जाऊन म्हटलं, साहेब, नंबर कागदावर लिहून दाखवा ना. त्या दिवशी लिहिला. पुढच्या खेपेला पुन्हा पुकाराच. बेरा या कानाच्या तपासणीसाठी वेगळी तारीख, ती झाल्यावर डॉक्टरांच्या बोर्डाची वेगळी. डबे सांभाळून मी पाच खेपा घातल्या. दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऱ्हास असेल तर कायद्याच्या भाषेत 'कर्णबधिर', ६० ते ७० असेल तर 'ऐकू कमी येणारा'. दिव्यांगत्वाची टक्केवारी मात्र डॉक्टर तक्त्यावरून काढतात. ती ४० किंवा त्याहून जास्त असली तरच आरक्षण आणि शिष्यवृत्ती. लेकीचं निळं कार्ड आलं, म्हणजे ८० किंवा त्याहून जास्त.

कार्डावर तिच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारपेक्षा एका अक्षराने वेगळं निघालं. तेव्हा मी दुर्लक्ष केलं. पुढे त्या एका अक्षराने दीड महिना खाल्ला.

बारावीचा निकाल लागल्यावर नेत्रावतीने निघालो. ती ठाण्याला थांबते, एक दिवस आणि एक रात्र कोकणातून खाली. निवडीसाठी लेखी झालं, चित्र काढायला दिलं, मग मुलाखत. मला वाटलं होतं नेहमीसारखं मलाच विचारतील आणि मी तिच्या वतीने सांगेन. बँकेत, दवाखान्यात, शाळेत, सगळीकडे आजवर असंच झालं. इथे मला एका बाजूला बसवलं. समोरच्या बाई थेट तिच्याशी हातांनी बोलू लागल्या. लेक सुरुवातीला बिचकली, तिच्या बाकाखालच्या खुणा आणि त्यांच्या खुणा थोड्या वेगळ्या होत्या. नंतर तिचे हात असे चालायला लागले की मी बघतच राहिले. दोघी हसत होत्या. कशावर हसल्या ते मला कळलं नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा एका खोलीत न कळणारी मी एकटी होते.

प्रवेश मिळाला आणि खरी धावपळ पैशांची सुरू झाली. वाशीच्या विभागीय मंडळातून मायग्रेशनचा दाखला, सेतूमधून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, कोर्ट नाक्यावर नोटरीकडून त्याचं इंग्रजी भाषांतर. केंद्राची दिव्यांगांसाठीची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, आई-वडिलांचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. आधी आधारवरून एकदाच करायची नोंदणी, मग अर्ज, मग कॉलेजची पडताळणी, मग वरची. बँक खातं तिच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेले पैसेही अडकतात. आमचा अर्ज 'डिफेक्टिव्ह' म्हणून परत आला, त्याच स्पेलिंगमुळे. यूडीआयडीवर दुरुस्ती, पुन्हा अपलोड. कॉलेजच्या ऑफिसला मी डबे भरता भरता फोन करायचे, मोडक्या हिंदीत. तिथली माणसं शांतपणे ऐकून घ्यायची.

एक गोष्ट नीट समजून घ्या. शिष्यवृत्ती फीच्या तारखेला येत नाही, कितीतरी महिन्यांनी येते. पहिल्या सत्राची फी, हॉस्टेल, मेस आणि रंग-कागद हे सगळं हातातल्या पैशातूनच भरावं लागतं. माझ्या भिशीचे ४० हजार आणि ह्यांच्या पतपेढीचं छोटं कर्ज यावर आम्ही तो काळ काढला. ठाणे महापालिकेच्या समाज विकास विभागाकडेही दिव्यांगांसाठी अर्ज करता येतो, पण मुदत ठरलेली असते, ती आम्ही पहिल्या वर्षी चुकवली.

पुढच्या वर्षांसाठी शैक्षणिक कर्ज मागायला एका बँकेत गेलो. साहेब लेकीकडे न बघता ह्यांना म्हणाले, "अहो, ही ऐकू-बोलू शकत नाही, उद्या नोकरी कोण देणार, फेडणार कोण?" हे गप्प उठले. मी नाही उठले. दुसऱ्या दिवशी कायद्याच्या कलम १३ ची प्रिंट काढून पुन्हा गेले. बँकेचं कर्ज मिळण्याचा दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकाच हक्क आहे, असं त्यात लिहिलंय. म्हटलं, नकार द्यायचा असेल तर कारणासह लेखी द्या. लेखी कुणी दिलं नाही. अर्ज घेतला. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागत नाहीत, आई किंवा वडील सहकर्जदार लागतात आणि हप्ते शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. आम्ही दीड लाखच घेतलं. तिच्या डोक्यावर जास्त ओझं नको.

पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती जमा झाली त्याच आठवड्यात पतपेढी फेडून टाकली.

यंदा शिष्यवृत्तीच्या रिन्युअलचा अर्ज तिने हॉस्टेलमध्ये बसून स्वतः भरला. नोंदणीला मोबाइल नंबर माझा आहे, त्यामुळे ओटीपी माझ्याकडे आला. मेसेज पाठवता आला असता, पण ती व्हिडिओ कॉलवर समोरच होती, म्हणून मी पोळ्यांचं पीठ हाताला तसंच ठेवून एकेक आकडा बोटांनी दाखवला. सहाची खूण चुकली. तिने मान हलवली, स्वतःचा हात कॅमेऱ्याजवळ आणून सहा कसा करायचा ते दाखवलं आणि माझ्याकडून पुन्हा करून घेतला. तोवर ओटीपीची वेळ संपली होती. तिने दुसरा मागवला.